चिंच नसलेल्या जागेची सावली

आधीच सांगून टाकते. अमक्याच्या मामाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, तमक्याच्या गाडीला आपोआप ब्रेक लागला... असं कुणी सुरू केलं की माझा पहिला प्रश्न असतो, "मोजलंत का?" मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल. माझ्या धंद्यात जे मीटरवर दिसत नाही ते नसतंच. या सदरातले अनुभवही मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर भूत आलं तर तू आधी त्याला अर्थिंग आहे का ते बघशील. त्याचं काही चुकत नाही.

त्यामुळे आता माझीच पंचाईत झालीय. कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते मीटरवर दिसलं. मला दिसलं नाही, माझ्या अंगाला लागलं नाही... मीटरला मात्र रोज दिसत होतं.

जागा नीट सांगते. साताऱ्याकडून कराड सोडून पेठ नाक्याकडे येताना, सांगली जिल्हा लागल्यावर हायवे पूर्वी एक वळण घ्यायचा. रस्ता चौपदरी केला तेव्हा ते वळण सरळ केलं आणि जुना रस्ता नि नवा रस्ता यांच्यामध्ये एक लांबट पट्टी उरली. कित्येक वर्षं तिथे गाजरगवत, काचेच्या बाटल्या आणि फाटके टायर. आता हायवेकडेच्या अशा पडीक जागेवर सोलर लावतात ना, त्यात ही पट्टी आली. उभारणी आणि नंतरची देखभाल आमच्या कंपनीकडे, आणि कंपनीतर्फे साइटवर मी. राहायला इस्लामपूर, स्कूटीवरून ये-जा.

साइटवर कायमची माणसं दोनच. मी आणि वॉचमन. फौजेतून रिटायर झालेले, शेजारच्याच गावचे, सगळे त्यांना सुभेदारमामा म्हणतात. रोज सकाळी पॅनेलांच्या रांगेसमोरून ते असे चालत जातात, की एखादं पॅनेल वाकडं उभं असेल तर त्याला शिक्षा होईल. मला ते 'मॅडम' म्हणायचे आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचे.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कंटाळू नका. पॅनेलं लोखंडी सांगाड्यावर बसवतात, त्याला आम्ही टेबल म्हणतो. एका टेबलावरची पॅनेलं एकाला एक जोडलेली असतात, गणपतीतल्या लाइटच्या माळेसारखी. एखाद्यावर सावली पडली की सगळी माळ मंदावते. म्हणून सोलरवाल्याला चोरापेक्षा सावलीची धास्ती जास्त. कुठलं टेबल किती वीज देतंय ते मला मोबाइलवर बसल्या जागी दिसतं.

तर प्लांट सुरू झाला, आणि मधल्या भागातली तीन टेबलं पाळीपाळीने डुलक्या घ्यायला लागली. सकाळी पश्चिमेकडचं, दुपारी मधलं, ऊन कलल्यावर पूर्वेकडचं. रोज. ढगाळ हवेत काही नाही, पण लख्ख ऊन पडलं की हमखास.

आम्ही पहिल्यांदा काजळीला धरलं. वाळवा तालुक्यात गळीत हंगामात साखर कारखान्यांची काजळी कुठे पडत नाही? वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, दह्यात पडते. टँकर बोलावून पॅनेलं धुऊन काढली. फरक शून्य. मग शेजारच्या उसाला आलेल्या तुऱ्यावर संशय घेतला. ऊस तुटून गेला, शेत मोकळं झालं, टेबलं तशीच. मग ट्रकवाले. त्या तीन टेबलांसमोरच रस्त्याकडेला ट्रक थांबायचे. तिथे ना हॉटेल, ना पाणी, तरी ड्रायव्हर गाडी लावून चाकाशी अंग टाकायचे. मी म्हटलं सापडला चोर. ट्रकच्या उंच हौद्याची सावली पडत असणार. मामांनी शिट्ट्या मारमारून गाड्या हलवल्या, कडेला ड्रम लावले.

एक कर्नाटकातला ड्रायव्हर मामांशी भांडायला आला. "आवो, इथं जरा गार लागतंय म्हणून थांबलो," म्हणाला, "पुढं सगळं ऊनच हाय." भर उन्हात उभा राहून म्हणत होता हे. आम्ही हसलो.

ट्रक गेले. डुलक्या तशाच.

शेवटी पुण्याच्या ऑफिसातल्या सरांना ग्राफ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "रेश्मा मॅडम, सोपं आहे. झाड आहे."

"कशावरून, सर?"

"भिंतीची सावली पडली की ग्राफ पायरीसारखा खाली येतो. तुमचा बघा ना, थरथरतोय. वाऱ्यानं पानं हलतात, मधून ऊन येतं-जातं. बारीक पानांचं मोठं झाड आहे. फांद्या छाटून घ्या."

"सर, इथे झाड नाहीये."

"फोटो पाठवा."

पाठवला. फोटोत आभाळ, टेबलं आणि कोपऱ्यात सुभेदारमामांची मिशी. सर म्हणाले, झाड फ्रेममध्ये घ्या.

मी वैतागून फोन ठेवला. मामा लोणच्याची फोड चोखत ऐकत होते. म्हणाले, "झाड न्हाई आसं कसं म्हणताय मॅडम? हुतं की. चिंच. लय मोठी. रस्ता रुंद केला तवा पाडली. दस्तगीर पंक्चरवाला बसायचा तिच्या खाली. मी रजेवर आलो का हितंच उतरायचो बगा. त्याच्या माठातलं पाणी प्यायलो का मग घरला आल्यागत वाटायचं."

मी डबा खाली ठेवला.

"मामा... दस्तगीर माझे अब्बा," मी म्हटलं.

मामांनी चोखलेली फोड तशीच हातात धरली. मग उठले, नळावर हात धुतले, परत येऊन बसले. "आसं व्हय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी मॅडमची 'पोरी' झाले.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या बापाची जागा ओळखता येईना? नाही आली. चिंच पाडली तेव्हा मी शाळेत खालच्या वर्गात होते. नवा रस्ता भराव टाकून माणसाच्या उंचीइतका वर उचललेला. पाट बुजला, मैलाचा दगड गेला, वळणच गेलं. पुढे कॉलेजला एसटीने जाताना मी रोज खिडकीतून शोधायची. कधी वाटायचं हीच, कधी वाटायचं थोडं पुढे. नंतर शोधायचंही सोडून दिलं.

अब्बांची कामाची एक रीत होती. पंक्चर सावलीतच काढायचं. ड्रायव्हर कितीही घाई करो, तापलेली ट्यूब आधी सावलीत पडू द्यायची, मग घासायची, मग सोल्युशन. "उन्हात लावलेलं ठिगळ नांदत न्हाई," म्हणायचे. त्यामुळे दिवसभर सावली सरकेल तशी अब्बांची पेटी, घमेलं आणि ते स्वतः सरकायचे. सकाळी बुंध्याच्या एका अंगाला, संध्याकाळी दुसऱ्या. येणारे-जाणारे त्यावरून वेळ ओळखायचे. दुपारी अम्मी गावातून भाकरी घेऊन यायची आणि तीही त्यांच्याबरोबर सरकत बसायची. चिंचेखाली बसू नये, बाधा होते, असं लोक सांगायचे. अब्बा म्हणायचे, "बाधा आली तर तिचंबी पंक्चर काढू, जाईल बिचारी." मला त्या सावलीत पोत्यावर झोपवलेलं थोडंसं आठवतं. ठिपके ठिपके ऊन आणि रबराचा वास.

चिंच गेल्यावर अब्बांनी इस्लामपुरात पत्र्याचं शेड घेतलं. धंदा काही कमी नव्हता. पण माणूस शेडमध्ये रमला नाही. पत्र्याखाली सावली असते, पण ती सरकत नाही... त्यांना काय करावं ते कळायचं नाही. दुपारी उगीच पेटी उचलून इकडची तिकडे ठेवायचे. काही वर्षांपूर्वी ते गेले, मिरजेच्या दवाखान्यात. शेवटी शेवटी खोलीत एसी होता, पडदे ओढलेले होते, तरी मला म्हणत होते, "बेटा, पलंग जरा सावलीत घे." मी पलंग भिंतीकडे सरकवायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मला अब्बांची आठवण येते हे सांगायला काय लाजायचं? येते. खूप येते. मोठं कुणीतरी जवळ असताना डोळे मिटायला जी निश्चिंती लागते, ती त्यांच्याबरोबर गेली ती पुन्हा काही आली नाही.

म्हणून मामांनी सांगितल्यापासून मी रोज जेवायला तिथे बसायला लागले. मोबाइलवर बघायचं कुठलं टेबल मंदावलंय, आणि त्याच्यापुढे जाऊन बसायचं. आणि काय सांगू... मला फक्त ऊन लागायचं. चटका देणारं, डोक्यात जाणारं ऊन. आमच्याकडे तापमान मोजायची एक बंदूक असते, काचेवर धरली की आकडा दाखवते. मंदावलेल्या टेबलाची काच शेजारच्यापेक्षा खरंच थंड दाखवायची. खालची मातीही थंड दाखवायची. मी तिथेच तळहात टेकवला की हात भाजायचा. मीटर म्हणतंय गार, हात म्हणतोय तापलंय. जन्मभर मीटरवर विश्वास ठेवलेल्या बाईने आता काय करावं? मला त्या काचेचा हेवा वाटायचा. हसू नका, खरंच वाटायचा. ट्रकवाल्यांना लागतं, काचेला लागतं, मातीला लागतं... आणि लेकीलाच लागू नये?

तुम्हाला तरी गार लागतं का, असं मामांना विचारलं तर म्हणाले, "मला काय कळत न्हाई पोरी. फौजेत ऊन-वारा कळायची सवयच मोडली." खरं सांगत होते की माझं मन राखत होते, देव जाणे.

इकडे सरांनी निकाल लावला. कारण सापडत नसेल तर ती तीन टेबलं उचला आणि पट्टीच्या पार टोकाला नेऊन लावा. कंपनीच्या दृष्टीने बरोबरच होतं ते. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण टेबलं गेली की ग्राफ गेला. ती सावली आहे हे दाखवणारं जगात दुसरं काहीच नव्हतं. क्रेन येईपर्यंत जो वेळ हातात होता तेवढाच. तेव्हा मला अम्मीला आणायचं सुचलं.

अम्मी त्या बाजूला येत नाही. चिंच पाडल्यापासून कराडला जायची वेळ आली तर एसटीत पलीकडच्या बाजूची सीट धरायची आणि डोळे मिटायची. आता तर मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला धूसरच दिसतं. मी तिला यातलं काही सांगितलं नाही. चिंचेचं नाही, ग्राफचं नाही. "लेक कुठं काम करते बघायला चल की एकदा," एवढंच म्हटलं. आमच्या घरात अर्धी दखनी, अर्धी वाळव्याची मराठी चालते. ती दखनीत म्हणाली, "क्या देखूं, मेरेकू दिखता क्या?" पण भाकरी बांधून तयार झाली. स्कूटीवर मागे बसून माझी कंबर घट्ट धरली.

सकाळचं ऊन चढत होतं. मामांनी केबिनमध्ये खुर्ची पुसून ठेवली होती, चहा सांगितला होता. अम्मीने चहा उभ्यानेच घेतला. "पत्र्यात नगं बसवू बाई मला," म्हणाली आणि चालायला लागली. एका हाताने टेबलांचे खांब चाचपत, सावकाश. मी मागे. ती पश्चिमेकडच्या त्या टेबलापाशी थांबली. मान वर केली. मग म्हणाली, "सुभेदार, आवं एखादं पोतं आसलं तर द्या की."

मामांनी पोतं आणलं. तिने हातानेच जागा साफ केली, पोतं अंथरलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

"अम्मी, ऊन हाय गं. केबिनमध्ये चल."

"कुठं हाय ऊन? हितं झ्याक हाय."

मी मोबाइल काढला. पश्चिमेकडचं टेबल नुकतंच मंदावलं होतं.

मग ती मामांशी गप्पा मारत राहिली. कुणाच्या पोरीचं लग्न कुठे ठरलं, मामांच्या सूनबाईला काय झालं, वगैरे. आणि बोलता बोलता, मान न वळवता, मध्येच पोत्याचं टोक धरून जराशी सरकायची. पुन्हा थोड्या वेळाने जराशी. कुणी मांडी बदलावी इतक्या सहज. मी मोबाइलकडे बघत होते. ती मधल्या टेबलासमोर आली तेव्हा पश्चिमेकडचं पूर्ण जागं झालं होतं आणि मधलं मंदावलं होतं. मामांना मी स्क्रीन दाखवली. त्यांनी बघितलं, अम्मीकडे बघितलं आणि गेटकडे निघून गेले.

दुपारी तिने भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी, मेथी, ठेचा. पोतं चांगलं मोठं होतं, तरी ती अगदी कडेला बसली होती. बाकीचं रिकामं. मी समोर उभीच होते, डोक्यावरून घाम गळत होता. तिने धूसर डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तू का उन्हात उभी राह्यलीस? सावलीत ये की."

मी गेले. तिच्या अंगाला अंग लावून बसले, जितकं जवळ बसता येईल तितकं. डोळे मिटले. मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. अम्मीने पदराने माझं कपाळ पुसलं, केसांवरून हात फिरवला. "किती तापलीयस गं," म्हणाली. आणि तुम्हाला सांगते, ऊन तसंच होतं. तसूभरही कमी नाही. मानेवर, डोक्यावर, पायांवर ऊन.

"आता बरं वाटतंय न्हवं?" तिने विचारलं.

"व्हय अम्मी," मी म्हटलं. "लय बरं वाटतंय."

संध्याकाळी परत जाताना तिने स्कूटीवर पाठीमागून विचारलं, "रोज हितंच आसतीस?" मी हो म्हटलं. "मग मला काळजी न्हाई," म्हणाली आणि इस्लामपूर येईपर्यंत माझ्या पाठीवर डोकं टेकून बसली. चिंचेचं तिने नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

पुढे क्रेन आली, टेबलं गेली. नव्या जागेवर ती तिन्ही ठणठणीत चालतात, कुरकुर नाही. सर खूश. मधे मोकळी जमीन राहिलीय. ड्रम काढल्यावर ट्रक पुन्हा थांबायला लागले. अम्मी अधूनमधून म्हणते, "तुझ्या कामावर जाऊ या की," आणि मी तिला नेते. मामा आता सांगायच्या आधी पोतं आणून ठेवतात.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी काही ना काही कारण दिलं. नवरा म्हणतो, जमिनीखाली जुन्या पाटाची ओल असेल, म्हणून गार. मग ती ओल सूर्याबरोबर सरकते कशी, आणि काचेवर चढते कशी? सर म्हणतात, केबलच्या जोडात दोष. मग तेच जोड नव्या जागी गप्प कसे? भाऊ म्हणतो, अम्मीला जुनी सवय, अंगात बसलेली. असेल. पण उंचावलेल्या, सरळ केलेल्या, ओळख पुसलेल्या रस्त्यावर, जवळपास न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिला बुंधा नेमका कुठे होता ते कुणी सांगितलं? खरं सांगायचं तर आता मी याचं उत्तर शोधतही नाही.

हे सगळं लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. हे सदर ट्रकवर असणारी माणसंही वाचतात, खाली प्रतिक्रिया देतात, ते मी बघितलंय. तुमच्यापैकी कुणी कराड सोडल्यावर, पेठ नाक्याच्या अलीकडे, त्या मोकळ्या पट्टीपाशी गाडी लावून पडलं असेल, तर मला एवढंच सांगा. तिथे गार लागतं म्हणजे नेमकं कसं लागतं? वारा येतो का? ठिपके ठिपके ऊन पडतं का अंगावर? रबराचा वास येतो का?

मी त्यांची लेक आहे. मला ते दुसऱ्यांकडून ऐकावं लागतंय.